मदत हवी आहे: पुढच्या स्प्रॉकेटचा नट आवळताना आटे कोरडे की तेलकट?

नमस्कार मंडळी,

मोटरसायकलचा चेनसेट (चेन आणि पुढचं-मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चाकं) बदलतोय. मागचं स्प्रॉकेट निर्विघ्न बसलं, गाडी अडलीय ती पुढच्यापाशी. स्प्रॉकेट धरायला दोन बोल्टांची पट्टी असती तर विचारलंही नसतं, पण माझ्याकडे शाफ्टवर एकच मोठा नट आहे (एम २०, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचा) आणि त्याखाली कान दुमडायचा लॉक वॉशर. सोडवताना एक जण मागचा ब्रेक दाबून बसला, मी पान्याला पाईप लावून लोंबकळलो. निघाला तेव्हा आट्यांत लाल, ठिसूळ पापुद्रे दिसले.

सवयीप्रमाणे आटे घासले, इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडले आणि नट हाताने फिरवून पाहिला. सुरसुर गेला. मग टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) हातात घेतला आणि शंका आली. मॅन्युअलच्या तक्त्यात १०० न्यूटन मीटर आहे. हा आकडा कोरड्या आट्यांचा की तेलकट? एक मित्र म्हणतो तेल नसेल तर नट गंजून बसेल, दुसरा म्हणतो तेल लावलंस तर वाटेत गळून पडेल. दोघंही छातीठोक.

शिवाय स्प्रॉकेट ज्यांत बसतं त्या शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावायचं का, आणि जुना वॉशर परत चालेल का? अजून काही आवळलेलं नाही.

प्रतिसाद १

आवळलं नाहीत हे उत्तम. दुसऱ्या मित्राची भीती उलट्या दिशेची आहे. टॉर्क रेंच नटाचा ताण मोजत नाही, फिरवायला लागणारा जोर मोजतो. त्या जोरातला साधारण ९० टक्के भाग आट्यांच्या आणि नटाच्या बुडाच्या घर्षणातच जातो. ताणाला उरतो जेमतेम १० टक्के. तेलाने घर्षण घटलं की रेंचवर १०० दिसत असतानाच नट जास्त ओढला जातो.

ढोबळ हिशोब: कोरड्या स्टीलला टॉर्कचा गुणांक (नट फॅक्टर, तो घर्षणावर ठरतो) ०.२ धरा, तेलकटला ०.१५. एम २० वर १०० न्यूटन मीटर म्हणजे कोरड्यात सुमारे २५ किलोन्यूटन ताण, तेलकटमध्ये ३३. एक तृतीयांश जादा. नट गेला तर नवा मिळेल, पण आटे शाफ्टचे गेले तर? तो गिअरबॉक्सचा शाफ्ट आहे, बदलायला बहुतेक गाड्यांत इंजिन उघडावं लागतं.

म्हणून तक्ता पुरेसा नाही. त्याच प्रकरणातली सुटे भाग दाखवणारी आकृती बघा. नटाशेजारी तेलाच्या कॅनचं, ग्रीसचं किंवा लॉकिंग द्रवाचं चिन्ह असतं. काही कंपन्या याच नटाला मॉलिब्डेनमयुक्त तेल लावायला सांगतात, मग त्यांचा आकडाही तेलकट आट्यांचाच असतो. काहीच चिन्ह नसेल तर स्वच्छ आणि कोरडे.

प्रतिसाद २

ते लाल पापुद्रे म्हणजे वाळलेला थ्रेडलॉकर, म्हणजे आटे जागच्या जागी धरून ठेवणारा लॉकिंग द्रव. हा द्रव हवा तुटल्यावर आणि धातूचा स्पर्श झाल्यावर घट्ट होतो, तेलाचा ओशटपणा राहिला तर धड पकडत नाही. तेव्हा तेल आणि थ्रेडलॉकर एकत्र नकोच. तारेच्या ब्रशने जुने कण काढा, ब्रेक क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा. थेट फवारू नका, शाफ्टमागेच ऑइल सील (तेल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी) आहे. (पुढे कधी हा नट हटला नाही म्हणून गॅसची ज्योत लावायचा मोह झाला, तरी आधी तेच सील आठवा.)

ग्रीस लावायचं ते खाचांना. तिथे स्प्रॉकेट सतत किंचित हलतं, त्यातून तांबूस भुकटी निघते आणि खाचा झिजतात. मॉली (मॉलिब्डेनमयुक्त) ग्रीसचा पातळ थर बोटाने फिरवा, आट्यांवर येऊ देऊ नका. वॉशर नवाच घ्या. एकदा दुमडलेला कान सरळ करून पुन्हा दुमडला की मुळाशी तडकतो.

धागाकर्ता

आकृती पाहिली. नटापाशी थ्रेडलॉकरचं चिन्ह आहे, खाचांपाशी ग्रीसचं. तक्ता वाचून मी पान उलटलं होतं, आकृती मागच्याच पानावर! तेल पुसून काढलं. एकच विचारतो, आवळताना चाक कसं धरायचं? स्पोकमध्ये लोखंडी गज घालू का?

प्रतिसाद १

गज मुळीच नको, स्पोक वाकतील. नवी चेन चढवा, मागचा ब्रेक कुणाला तरी दाबायला सांगा, मग रेंच. आवळून झालं की कान नटाच्या सपाट बाजूवर दुमडा आणि २४ तास गाडी हलवू नका, थ्रेडलॉकर पूर्ण धरायला तेवढा वेळ लागतो.

धागाकर्ता

वॉशर मागवलाय. तोवर गाडी स्टँडवर.