शलमोनाचं सोनं: आशीर्वाद की आरोप?

देवदार:
बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकाचा अध्याय १०, इस्राएलचा राजा शलमोन याच्या वैभवाचा, वाचून डोळे दिपतात. वर्षाला ६६६ किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं, सहा पायऱ्यांचं हस्तिदंती सिंहासन, पायऱ्यांवर १२ सिंह. प्रवचनात हा देवाचा आशीर्वाद म्हणून सांगतात. मला तो सरळ आरोप वाटतो. बायबलच्याच 'अनुवाद' या पुस्तकात, अध्याय १७ मध्ये राजाला बजावलंय: घोडे वाढवू नको, त्यासाठी मिसरची (इजिप्तची) वाट धरू नको, फार बायका करू नको, सोनंरुपं साठवू नको. इथे आधी सोनं येतं, मग मिसरचे घोडे आणि अध्याय ११ उघडताच ७०० राण्या, ३०० उपपत्नी. हा क्रम सहज लागलेला नाही.

शेवंती:
अजिबात पटलं नाही. अध्याय ३ मध्ये शलमोन फक्त शहाणपण मागतो आणि देव आपणहून म्हणतो, न मागितलेलं धन आणि वैभवही देतो. दिलेल्या देणगीचाच आरोप कसा होईल? 'निर्गम' पुस्तकाच्या अध्याय २८ मध्ये अहरोनाची वस्त्रं गौरवासाठी आणि शोभेसाठी करायला देवच सांगतो. भक्तीला सौंदर्य लागतं, त्याची लाज कशाला?

देवदार:
अहरोन याजक, म्हणजे पुरोहित होता, राजा नव्हे. पुढच्या काळातला उज्जीया राजा धूप जाळायला मंदिरात शिरला, तेव्हा याजकांनी त्याला अडवलं आणि त्याच्या कपाळावर कोड उठलं. शिवाय मंदिराला ७ वर्षं आणि राजवाड्याला १३, हे निवेदक लागोपाठ सांगतो. लबानोनात लाकडं तोडायला ३०,००० वेठबिगार पाठवले होते. शलमोनाचा मुलगा रहबाम गादीवर बसताना लोकांनी जू हलकं करा एवढंच मागितलं. ते नाकारल्यावर वेठीवरचा अधिकारी अदोराम याला त्यांनी दगडांनी ठार केलं. वैभवाची किंमत कोणी मोजली, ते यातून कळतं.

पानगळ:
ढालींबद्दल कोणीच बोललं नाही. शलमोनाने सोन्याच्या ढाली केल्या आणि ठेवल्या लबानोनी वनगृहात, म्हणजे स्वतःच्या महालात. रहबामाच्या ५व्या वर्षी मिसरच्या शीशक राजाने त्या लुटून नेल्या. मग रहबामाने पितळी केल्या. राजा मंदिरात जाई तेव्हा पहारेकरी त्या धरून चालत आणि नंतर चौकीत नेऊन ठेवत. उपासनेचा असा थाट मला फार झोंबतो.

शेवंती:
वेठबिगारीचं मान्य, ते पाप आहेच. राजवाड्याची १३ वर्षं मात्र एका इमारतीची नाहीत, त्यात वनगृह, न्यायासनाची देवडी, फारोच्या (मिसरच्या राजाच्या) मुलीचं घर सगळं येतं. आणि अध्याय ८ विसरू नका. आकाशांतही मावत नाहीस, मग या घरात कसा मावशील, असं देवाला विचारणारा शलमोनच आहे. त्याआधीच देवाच्या उपस्थितीची खूण असलेल्या मेघाने मंदिर इतकं भरलं की याजकांना सेवेला उभं राहता येईना. सगळा आरोपच असता, तर निवेदकाने तो मेघ लिहिलाच नसता.