मागच्याला सांभाळा, पुढचा जातोच

एकाने लिहिलंय की ग्रुप राईडमध्ये पुढची बाईक दिसत राहिली म्हणजे झालं. कोकणात मी उलटं सांगेन. प्रत्येकाने आरशात फक्त आपल्या मागची गाडी सांभाळायची. ती दिसेनाशी झाली की वेग कमी, आणि फाट्यावर तर ती येईपर्यंत थांबायचंच. आंजर्ले-केळशी पट्ट्यात मोबाइलची रेंज बेभरवशाची, तेव्हा 'चुकलो तर फोन करू' यावर विसंबू नका.

सगळ्यात मुरलेला गडी शेवटी, पंक्चरचं सामान त्याच्याकडे. (हौशी मंडळींना पुढेच मिरवायचं असतं, ते सोडा.)

पण ग्रुप खरा फुटतो खाडी ओलांडताना, फेरीबोटीवर. वेसवी-बागमांडले असो की दाभोळ-धोपावे, बोट भरली की निम्मे अलीकडेच. पुढचे कंटाळून निघतात, मागचे मग त्यांना गाठायला अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर सुसाट सुटतात. कडेची लाल खडी तिथे चाकाखालून सरकते. म्हणून पलीकडच्या धक्क्यावरच सगळ्यांनी जमायचं, हे सकाळी निघतानाच ठरवा. चहा तिथेच घ्या, आणि पावसाळ्यात फेऱ्या चालू आहेत का ते आधी विचारा.