मदत हवी आहे: एआय एजंटला दिलेल्या पोस्टग्रेस क्वेरी टूलचं वर्णन कसं लिहावं?

अर्धविराम

पोस्टग्रेस १६ वर ऑर्डरींचा डेटाबेस आहे. एमसीपी (मॉडेलला बाहेरची टूल्स जोडण्याचा प्रोटोकॉल) सर्व्हरमधून एजंटला तीन टूल्स दिली आहेत: टेबलांची यादी, एका टेबलाची रचना आणि एसक्यूएल चालवणारं. तिसऱ्याचं वर्णन सध्या एवढंच आहे: ‘डेटाबेसवर क्वेरी चालवते.’

अडचणी अशा:
- एजंट कॉलमची नावं अंदाजाने ठोकून देतो.
- मार्चच्या ऑर्डरी विचारल्या की २०० सांगतो. आमचा सर्व्हर २०० ओळींनंतर निकाल कापतो.
- रकमा शंभरपट येतात, कारण कॉलममध्ये रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत साठवलीय.
- महिन्याची बेरीज हिशेबाशी जुळत नाही. फरक थोडाच असतो, पण असतो.

अख्खा स्कीमाच (सगळ्या टेबलांची रचना) वर्णनात टाकावा का?

डीबीएकाका

स्कीमा टाकू नका. टूलचं वर्णन साधारणपणे प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातं, म्हणजे टोकन (मॉडेल मजकूर ज्यांत मोजतं ते तुकडे) दर वेळी जळणार. शिवाय उद्या कॉलम बदलला की वर्णन खोटं ठरतं. तिथे फक्त लिहा की आधी रचना दाखवणारं टूल चालवावं, आणि कुठल्या प्रश्नाला कुठलं टेबल. उरलेलं कॉलमच्या कमेंटमध्ये घाला, म्हणजे ते डेटाबेसबरोबरच राहतं. पण एक खाच आहे: पोस्टग्रेसच्या इन्फर्मेशन स्कीमात (टेबलांची माहिती देणारे तयार तक्ते) कमेंट दिसत नाहीत. रचनेचं टूल तिथून वाचत असेल तर कमेंट लिहूनही एजंटला काही कळणार नाही. ‘कोल_डिस्क्रिप्शन’ फंक्शनने त्या वेगळ्या काढाव्या लागतात.

रकमेच्या कॉलमला अशी कमेंट द्या: ‘एकूण रक्कम, पैशांत. रुपयांसाठी १००.० ने भागावे.’ तो ‘.०’ शोभेचा नाही. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की पोस्टग्रेस अपूर्णांक टाकून देतं, आणि ९९९५० भागिले १०० चे ९९९ होतात. पन्नास पैसे गेले.

२०० चा घोळ मॉडेलचा नव्हे, तुमच्या सर्व्हरचा आहे. निकाल कापला हे त्याला कोणी सांगितलंच नाही. आतून २०१ ओळी मागवा. २०१ वी आली तर २०० द्या आणि निकालातच लिहा: ‘पहिल्या २०० ओळी दाखवल्या, आणखी आहेत. मोजणीसाठी काउंट वापरा.’ ही सूचना फक्त वर्णनात असून भागत नाही, निकालाशेजारी असली तर ती वाचली जाते.

आता बेरीज. इथे दोन संशयित आहेत. सेशनचा (डेटाबेसशी चालू जोडणीचा) टाइमझोन यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, असेल तर आपल्या रात्री १२ ते पहाटे ५:३० च्या ऑर्डरी आदल्या तारखेत पडतात. १ मार्चच्या पहाटेच्या ऑर्डरी फेब्रुवारीत गेल्या, १ एप्रिलच्या मार्चमध्ये आल्या. दुसरा संशयित ‘बिटवीन’. वेळेच्या कॉलमवर ‘१ मार्च ते ३१ मार्च’ लिहिलं की ३१ तारीख मध्यरात्रीलाच संपते आणि त्या दिवसाची जवळजवळ सगळी विक्री गळते. शेवटच्या दिवसाची बेरीज वेगळी काढून पाहा, चोर कोण ते लगेच कळेल.

रोलबॅक

काकांशी सहमत. भर फक्त दोन गोष्टींची.

‘हे टूल फक्त वाचनासाठी’ असं वर्णनात लिहिणं म्हणजे कुलूप नव्हे. एमसीपीतला ‘रीड ओन्ली हिंट’ही नावाप्रमाणे फक्त इशारा आहे. वेगळा रोल (डेटाबेसचं खातं) बनवा आणि त्याला लागतील तेवढ्याच टेबलांवर सिलेक्टचा हक्क द्या. क्वेरी रीड ओन्ली (फक्त वाचू देणाऱ्या) ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळून निश्चिंत होऊ नका. ड्रायव्हर (सर्व्हरला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) एका मजकुरात अनेक स्टेटमेंट चालवत असेल तर ‘कमिट;’ लिहून ते ट्रान्झॅक्शन संपवता येतं आणि पुढे काहीही करता येतं. स्टेटमेंट टाइमआउटही सेशनमधून बदलता येतो, म्हणून तो प्रत्येक क्वेरीआधी सर्व्हरनेच नव्याने लावावा.

दुसरं, चुकांचे संदेश. वर्णनाइतकेच ते महत्त्वाचे, आणि लोक नेमके तेच विसरतात. कॉलम सापडला नाही (कोड ४२७०३) की पोस्टग्रेस बऱ्याचदा जवळचं नाव सुचवतं, पण ते हिंटच्या वेगळ्या रकान्यात येतं. अनेक सर्व्हर फक्त मुख्य संदेश पुढे ढकलतात आणि हिंट वाटेत सांडते. ती जोडा, तुमची पहिली अडचण बरीच कमी होईल. टाइमआउट (५७०१४) झाला तर ‘तारखेची मर्यादा लावा’ असं सांगा, नाहीतर एजंट तीच क्वेरी पुन्हा पुन्हा मारत बसतो. आणि हे सगळं टूलच्या निकालात ‘इज एरर’ ही चुकीची खूण लावून पाठवा. प्रोटोकॉलची चूक म्हणून पाठवलं तर ते मॉडेलपर्यंत पोचेलच असं नाही.

अर्धविराम

आभार. बेरजेचा चोर ‘बिटवीन’च निघाला. नवीन मसुदा:

‘ऑर्डरींच्या डेटाबेसवर एक सिलेक्ट क्वेरी चालवते. आधी टेबलाची रचना पाहावी. विक्रीसाठी ऑर्डर टेबल, परताव्यासाठी रिफंड टेबल. तारखा भारतीय वेळेनुसार. महिन्यासाठी पहिल्या तारखेपासून पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेच्या आधीपर्यंत. कमाल २०० ओळी, १० सेकंद. रद्द ऑर्डरी वगळाव्यात.’

डीबीएकाका

शेवटचं वाक्य बदला. ‘रद्द’ म्हणजे स्टेटसची कुठली किंमत? ती जशी साठवली आहे तशीच, अक्षरन् अक्षर लिहा. नाहीतर एजंट स्वतःच स्पेलिंग ठरवेल, अट कुठल्याच ओळीला लागणार नाही आणि रद्द ऑर्डरी गुपचूप बेरजेत येतील. स्टेटस काही ओळींत नल (किंमतच नाही) असेल तर तेही सांगा. ‘बरोबर नाही’ ची साधी तुलना नलच्या ओळी गाळून टाकते, तिथे ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ लागेल. आणि भारतीय वेळेचं नुसतं लिहू नका, रोलचा टाइमझोनच आशिया/कोलकाता करून टाका.