चकली तीच, मग पावसाळ्यात स्टार का घसरतात?

गिरगावकर_७: बचत गटाची चकली, महिन्याला साधारण दीडशे किलो. भाजणी तीच, मोहन तेच, तळणाऱ्या बायकाही त्याच. मेअखेर गूगलवर ४.६ होते, आता ४.२. नव्या प्रतिक्रिया दोनच प्रकारच्या: ‘मऊ पडली’ आणि ‘तेलाचा वास येतो’. मोहन वाढवावं का?

भाजणीवाली: मोहनाला हात लावू नका. जास्त झालं की चकली तेलात विरघळते. मऊपणा आणि वास ही दोन वेगळी दुखणी आहेत.

मऊपणाचं मूळ बहुतेक वेळा पॅकिंगमध्ये असतं. कोमट चकली भरली की पाऊचला आतून घाम फुटतो. रात्रभर उघडी ठेवली तर जुलैतली ८० टक्क्यांपुढची दमट हवा ती पिऊन टाकते. म्हणून जाळीवर एकेरी थर, ३०-४० मिनिटं, हाताला गार लागली की लगेच पाऊचमध्ये. परात नको, खालची बाजू ओलसर राहते. सीलच्या पट्टीवर तेल किंवा चुरा अडकला तर सील नुसतं दिसतं, बसत नाही. दर २० पाऊचमागे एक पाण्यात बुडवून दाबा. बुडबुडे आले तर ते वीसही तपासा.

आणि तळताना बुडबुडे जवळजवळ थांबल्याशिवाय घाणा काढू नका. मोठ्या आचेवर रंग येतो, आत ओल राहते.

कढई_झारा: वास येतो तो जुन्या तेलात नवं ओतत राहिल्याने. जुनं तेल नव्यालाही लवकर बिघडवतं. एफएसएसएआयची (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) मर्यादा टोटल पोलर कंपाउंडची, म्हणजे तेल तापून बिघडताना त्यात तयार होणाऱ्या घटकांची, २५ टक्के. ते मोजायचं मीटर नसेल तर फेस चढणं, आधीपेक्षा लवकर धूर येणं, तेल दाट होणं ही लक्षणं बघा, पण तोवर थांबणं म्हणजे उशीरच. चुरा दर घाण्याला गाळा. पारदर्शक पाऊच दुकानाच्या दर्शनी बाजूला उन्हात लटकत असेल तर चांगल्या तेलातली चकलीही खवट होते.

गिरगावकर_७: आमच्याकडे संध्याकाळी तळण, सकाळी पॅकिंग. म्हणजे घोळ तिथेच! पण तक्रार कुठल्या घाण्याची हे कसं कळणार?

हिशेबी: बॅच नंबर लेबलवर तसाही सक्तीचा आहे, तोच कामाला लावा: तारीख, कढई, पॅक करणारीचं अक्षर. उदाहरणार्थ १२०७-२-क. प्रतिक्रियेला उत्तर देताना आधी तो विचारा. प्रत्येक बॅचचे दोन पाऊच राखून एक ७व्या, एक १५व्या दिवशी फोडा.

‘पाच स्टार द्या, सूट घ्या’ असली कार्डं मात्र छापू नका, गूगलच्या नियमात बसत नाहीत. आणि आकडा चटकन हलणार नाही. २०० प्रतिक्रियांची सरासरी ४.२ असेल तर ४.४ व्हायला सलग ६७ जणांनी पाच-पाच द्यायला हवेत. तोवर प्रतिक्रिया ‘नवीन आधी’ असा क्रम लावून वाचत जा.