आरमध्ये बाहेरची पॅकेजं किती घ्यावीत? माझं मत : मोजकीच, आणि कारण सांगता येतील तेवढीच

मध्यक

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या वर्गात आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिकवायला घेतली की दरवर्षी हा वाद होतो, म्हणून इथे मांडतो. माझं म्हणणं सरळ आहे. प्रबंध असो, सरकारी अहवाल असो की शोधनिबंध, जे विश्लेषण पाच-दहा वर्षांनी कुणीतरी पुन्हा चालवून पाहणार आहे, त्यात बाहेरून आणलेली पॅकेजं, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार फंक्शनांचे संच, मोजकी असावीत. प्रत्येक पॅकेज का घेतलं, हे लिहिणाऱ्याला सांगता आलं पाहिजे.

आर न वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात : ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ही भाषा लिहिली, आणि 1995 पासून ती मुक्त परवान्याखाली आहे. 1997 मध्ये व्हिएन्नात क्रॅन हे पॅकेजांचं कोठार उभं राहिलं. आज तिथे 20,000 हून जास्त पॅकेजं आहेत. आर उतरवून घेतली की मूळ पॅकेजं आणि सर्व्हायव्हल, मास, एनएलएमई, एमजीसीव्ही अशी 15 ‘शिफारस केलेली’ पॅकेजं सोबतच येतात. बाकीची आपण क्रॅनवरून आणतो.

आता मुद्दा. ऑक्टोबर 2023 मध्ये आरजीडाल, आरजिऑस आणि मॅपटूल्स ही नकाशांच्या कामाची तीन पॅकेजं क्रॅनवरून काढली गेली. नॉर्वेचे रॉजर बिवंड ती सांभाळत होते, ते निवृत्त झाले. यापुढे एसएफ किंवा टेरा ही पॅकेजं वापरा, असं त्यांनी बऱ्याच आधी जाहीर केलं होतं. त्यांना बोल लावायला जागाच नाही, उलट त्यांनी इतकी वर्षं केलेल्या कामाबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. पण परिणाम बघा. तालुक्यांच्या सीमा वाचणारी आरजीडालमधल्या ‘रीडओजीआर’ची ओळ ज्या ज्या प्रबंधाच्या परिशिष्टात छापलेली आहे, तो कोड नव्या संगणकावर तिथेच अडतो. एसएफमध्ये नकाशा साठवण्याची रचनाच वेगळी, त्यामुळे एक ओळ बदलून भागत नाही, खालचं सगळं हलवावं लागतं. दुसऱ्याच्या विहिरीवर बागायत लावायची तर मालकाचा पुढचा विचार काय आहे, हे आधी विचारून घ्यावं.

दुसरा धोका मला याहून मोठा वाटतो, कारण तो कळतच नाही. ‘लॅग’ नावाचं फंक्शन मूळ आरमध्ये आहे आणि डीप्लायर या पॅकेजातही आहे. डीप्लायरचं लॅग आकडे एक घर खाली सरकवतं. मूळ आरचं लॅग कालमालिकांसाठी आहे. साध्या कॉलमवर ते चालवलं तर आकडे जागचे हलत नाहीत, त्यांच्यावरची काळाची खूण तेवढी बदलते. समजा विद्यार्थ्याला ‘मागच्या महिन्याचा कांद्याचा भाव’ असा कॉलम करायचा आहे आणि फाइलच्या वर डीप्लायर चढवायची ओळ राहून गेली. एरर येत नाही. मागच्या महिन्याच्या जागी याच महिन्याचा भाव बसतो, तो रिग्रेशनमध्ये जातो आणि मॉडेल अगदी तंतोतंत जुळतं. एकाच नावाची दोन फंक्शनं, आणि कुठलं चालेल ते कुठलं पॅकेज शेवटी चढवलं यावर ठरणार. नवशिक्याच्या हातात हे देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

विद्या_स

असहमत, आणि बऱ्यापैकी तीव्रपणे.

मी तालुक्याच्या ठिकाणी अर्थशास्त्र शिकवते. माझी मुलं एक्सेलवरून येतात. त्यांना ‘गावनिहाय सरासरी काढा’ एवढंच सांगायचं असतं. मूळ आरमध्ये त्यासाठी टीॲप्लाय, ॲग्रिगेट, बाय असे वेगवेगळे रस्ते आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या आकारात येतं : एकाचं अॅरे, दुसऱ्याचं तक्ता, तिसऱ्याचं यादी. डीप्लायरमध्ये ‘ग्रुप बाय’ आणि ‘समराइज’, दोन क्रियापदं. वाचताना वाक्यासारखं वाचता येतं. पहिल्याच तासाला मुलीने स्वतःच्या गावाची सरासरी काढली की पुढचा तास तिला चुकवावासा वाटत नाही. याला मी किरकोळ गोष्ट मानत नाही.

आणि ‘न कळणारे धोके’ काय फक्त पॅकेजांतच असतात? ॲग्रिगेट घ्या. सूत्र लिहून दोन कॉलमांची सरासरी एकदम मागितली, समजा शेतीचं उत्पन्न आणि मजुरीचं उत्पन्न, तर ज्या कुटुंबाचं मजुरीचा खाना रिकामा आहे ती अख्खी ओळ गळते. म्हणजे शेतीच्या उत्पन्नाच्या सरासरीतूनही ते कुटुंब जातं! इशारा नाही, काही नाही. डीप्लायरमध्ये साधी सरासरी मागितली तर रिकाम्या खान्यामुळे उत्तरच ‘एनए’ (माहिती नाही) येतं, आणि मुलगी विचारते, ‘मॅडम, असं का?’ मला तो प्रश्न हवा असतो.

मूळ आर स्थिर आहे हेही पूर्ण खरं नाही. एप्रिल 2019 च्या 3.6.0 आवृत्तीत ‘सॅम्पल’ची पद्धत बदलली, त्यामुळे तोच सीड, म्हणजे नमुना पुन्हा तसाच यावा म्हणून द्यायचा आकडा, देऊनही यादृच्छिक नमुना वेगळा येऊ लागला. 2020 च्या 4.0.0 मध्ये मजकुराचे कॉलम आपोआप फॅक्टर, म्हणजे वर्गवारीचे कॉलम, होणं बंद झालं, आणि कित्येक जुन्या फाइली अडल्या. याउलट टायडीआर या पॅकेजातली ‘गॅदर’ आणि ‘स्प्रेड’ ही फंक्शनं 2019 मध्ये मागे पडले, तरी आजही चालतात. मग भरवसा कुणावर ठेवायचा?

अर्थमिती

स्टाटा हे संख्याशास्त्राचं विकतचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याचं मधेच एक. फाइलच्या वर ‘व्हर्जन 12’ लिहिलं की आजचा स्टाटाही त्या जुन्या आवृत्तीच्या नियमांनी चालतो. आरवाल्यांना याचा हेवा वाटायला हवा. पण तिथेही बाहेरचं जोडकाम बॉस्टन कॉलेजच्या एसएससी संग्रहातून येतं, आणि तिथे फक्त ताजी आवृत्ती मिळते, जुनी ठेवत नाहीत. म्हणजे परवान्याचे पैसे मोजूनही मध्यकांचा प्रश्न तसाच राहतो. क्रॅन निदान जुनी प्रत फेकून देत नाही.

मध्यक

@विद्या_स, ॲग्रिगेटचा मुद्दा बिनतोड आहे. तो मी वर्गात मुद्दाम दाखवतो, आणि मूळ आर निर्दोष आहे असा माझा दावाही नाही. फरक असा की सॅम्पल बदललं तेव्हा जुनी पद्धत परत आणायची सोय त्याच आवृत्तीत दिली होती, ‘राउंडिंग’ मागितलं की जुना नमुना तसाच्या तसा मिळतो. बदल एका ठिकाणी झाला, एका यादीत लिहिला गेला. टायडीव्हर्स हा डीप्लायर, टायडीआर वगैरेंचा संच चढवला की नऊ पॅकेजं समोर येतात, आणि त्यांच्या मागे त्यांना लागणारी आणखी कितीतरी. त्या सगळ्यांच्या याद्या कोण वाचतो?

क्रॅनची शिस्त कडक आहे ती योग्यच आहे. तपासणीत पॅकेज नापास झालं की सांभाळणाऱ्याला मुदत मिळते, सहसा दोनेक आठवडे, आणि दुरुस्ती आली नाही तर ते संग्रहात जातं. त्याच्यावर टेकलेली पॅकेजंही मग अडचणीत येतात. साखळी जितकी लांब, तितकी ही शक्यता जास्त. म्हणूनच मी डेटा.टेबल या पॅकेजचं नाव नेहमी घेतो. मोठमोठ्या फाइली झपाट्याने हाताळतं आणि आर सोडून त्याला दुसऱ्या कशाचीच गरज लागत नाही. लिहायला तुटक वाटतं हे मान्य.

पॅकेजांच्या आवृत्त्या गोठवा, त्यासाठी आरएन्व्ह हे पॅकेज वापरा, असं कुणीतरी सांगेलच. वापराच. पण मायक्रोसॉफ्टचा एमरॅन हा क्रॅनच्या रोजच्या प्रती ठेवणारा संग्रह होता, अनेकांनी आपल्या कोडमध्ये तारीख टाकून त्यावर भिस्त ठेवली, आणि 2023 मध्ये तोही बंद झाला.

पाहणीकार

माझं पोट एनएसएसच्या, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या, डेटावर चालतं, त्यामुळे ‘मोजकीच पॅकेजं’ ऐकायला बरं वाटतं, पण कुठली मोजकी यावर सगळं अवलंबून आहे.

रोजगाराची पीएलएफएस पाहणी घ्या. डेटा म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या आकड्यांच्या लांबलचक ओळी. कुठल्या रकान्यापासून कुठपर्यंत जिल्हा, कुठून कुठे वय, हे वेगळ्या तक्त्यात पाहून तोडायचं. मूळ आरचं ‘रीड.एफडब्ल्यूएफ’ हे करतं, पण लाखो ओळींवर जीव काढतं. रीडर हे पॅकेज घेतलं की काम चुटकीसरशी होतं. हा वेगाचा भाग झाला, तो सोडून देऊ. मग मल्टिप्लायर, म्हणजे नमुन्यातलं एक घर किती घरांच्या वतीने मोजायचं तो भारांक. बऱ्याच फेऱ्यांत डेटातले ‘एनएसएस’ आणि ‘एनएससी’ या नावांचे दोन कॉलम सारखे असतील तर 100 ने भागायचं, नसतील तर 200 ने. ही एक ओळ चुकली की अख्ख्या राज्याची लोकसंख्या चुकते. यालाही पॅकेज लागत नाही, सूचनापत्रक नीट वाचावं लागतं.

खरी गरज लागते ती स्टँडर्ड एररला, म्हणजे अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो ते काढायला. नमुना स्तरांत वाटलेला, त्यात आधी गावं किंवा शहरी विभाग निवडलेले, मग त्यांतली घरं. नुसते भारांक लावून सरासरी काढली तर सरासरी बरोबर येते आणि स्टँडर्ड एरर चुकीचा. ‘सर्व्हे’ हे पॅकेज ऑकलंडच्याच टॉमस लमली यांचं. स्तर, गट आणि भारांक एकदाच सांगायचे, पुढची प्रत्येक गणना ते लक्षात घेऊनच होते. आणि एखाद्या स्तरात एकच गाव असलं, तर ते आपणहून काहीतरी गृहीत धरत नाही. थांबतं आणि एरर देतं. काय करायचं ते तुम्ही ठरवा : तो स्तर गणनेतून वगळायचा, की एकूण सरासरीशी तुलना करून भागवायचं. मला या वागण्याचं फार मोल वाटतं. हे सगळं मूळ आरमध्ये स्वतः लिहायला बसलो तर माझ्या चुका कुणीच तपासलेल्या नसतील. सर्व्हेतल्या चुका शोधायला जगभरचे लोक बसलेत.

जनुकीय

पाहणीकारांना +१. आमच्याकडे तर पॅकेज म्हणजेच पद्धत. दोन गटांत प्रत्येकी तीन नमुने आणि जनुकं हजारो. तीन आकड्यांवरून काढलेल्या विचरणावर (आकडे किती पसरलेत त्या मापावर) कुठला शहाणा माणूस विसंबेल? लिमा हे पॅकेज सगळ्या जनुकांच्या विचरणांची एकत्रित माहिती घेऊन प्रत्येकाचं विचरण सावरून घेतं. ही कल्पना मूळ आरमध्ये नाही, असावी अशी अपेक्षाही नाही.

पण मध्यक ज्या पडझडीबद्दल बोलताहेत त्यावर 2001 मध्ये सुरू झालेल्या आमच्या बायोकंडक्टर या जनुकीय पॅकेजांच्या संग्रहाने एक वाट काढली आहे. वर्षातून दोनदा सगळा संच एकत्र प्रसिद्ध होतो, आरच्या ठरावीक आवृत्तीला बांधलेला, एकमेकांबरोबर तपासलेला. शोधनिबंधात ‘बायोकंडक्टर अमुक आवृत्ती’ लिहिलं की वाचणाऱ्याला बरंचसं कळतं. माझ्या मते प्रश्न संख्येचा नाही, पॅकेजं एकत्र तपासली जातात की नाही याचा आहे.

पाऊसपाणी

मध्यक सर, विद्याताई, वाचून गोंधळ वाढला. मराठवाड्यातल्या तालुक्यांच्या पावसावर प्रबंध करतेय. हवामान खात्याचा पाव अंशाच्या चौकटींचा रोजचा पाऊस आहे, नेटसीडीएफ फाइली. नक्की काय बसवू?

मध्यक

@पाऊसपाणी, टेरा घ्या, त्याला पर्याय नाही. तालुक्यांच्या सीमाही तेच वाचतं, त्यामुळे एसएफ वेगळं नको. पण एक सांभाळा. पाव अंशाची चौकट म्हणजे बाजूला साधारण 25 ते 28 किलोमीटर, आणि तालुका काही फार मोठा नसतो. टेरातलं ‘एक्स्ट्रॅक्ट’ आपणहून फक्त त्याच चौकटी धरतं ज्यांचा मध्यबिंदू तालुक्याच्या आत पडतो. सीमेवर अर्धी आत आलेली चौकट सुटते. ‘वेट्स’ चालू करा, म्हणजे जितका भाग आत तितका वाटा मिळेल. तालुका, तारीख, पाऊस असा तक्ता तयार झाला की सीएसव्ही करून ठेवा आणि प्रबंधासोबत द्या. उद्या टेरा बदललं तरी त्या तक्त्यापुढचं सगळं चालेल. पुढचं विश्लेषण मूळ आरमध्येच करा असं मी सुचवेन.

विद्या_स

सीएसव्हीचं पटलं, ते मी माझ्या मुलांनाही सांगेन. ‘पुढचं मूळ आरमध्येच’ याला मात्र माझा विरोध कायम. अभ्यासक्रमाच्या बैठकीत डीप्लायर पहिल्याच सत्रात ठेवा, असंच मी मांडणार आहे. लॅगचा घोळ टाळायचा तर ‘डीप्लायर’चं नाव जोडूनच लॅग लिहायला शिकवा, एवढ्याने काम होतं.

@पाऊसपाणी, सरांच्या वाटेने गेलीस तर एवढं बघ : पावसासोबत तापमानाचाही कॉलम घेणार असशील आणि त्यात रिकाम्या नोंदी असतील, तर ॲग्रिगेटला ‘एनए.पास’ दे आणि रिकाम्या जागांचं काय करायचं ते स्वतः ठरव. नाहीतर तापमान नसलेल्या दिवसांचा पाऊसही तुझ्या सरासरीतून जाईल.