माइक पोरांच्या हातात, पण कात्री कुणाच्या?

जुना ट्रान्झिस्टर

अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवर १९९३ साली ‘घेटो लाइफ १०१’ नावाचा जेमतेम अर्ध्या तासाचा माहितीपट लागला होता. काल रात्री भांडी घासता घासता तो पुन्हा लावला आणि मध्येच नळ बंद करून तसाच उभा राहिलो.

शिकागोच्या दक्षिण भागात आयडा बी. वेल्स होम्स ही सरकारी घरांची वस्ती होती. तिथली दोन काळी पोरं, लीअ‍ॅलन जोन्स (१३) आणि लॉइड न्यूमन (१४). डेव्हिड आयसे या निर्मात्याने त्यांच्या हाती टेपरेकॉर्डर दिला आणि दहा दिवस ती दोघं जे दिसेल, जो भेटेल ते टिपत हिंडली. लॉइडची आई दारूपायी गेलेली, घर बहिणी चालवतात. बापही पिणारा. लॉइड त्याच्यासमोर माइक धरतो आणि दारूबद्दल विचारतो. आवाज चढत नाही, कापतही नाही. आणि बाप उत्तरं देतो! बाहेरच्या पत्रकाराला त्याने दारातही उभं केलं नसतं.

गरिबीवर दहा तज्ज्ञ बसवून केलेल्या चर्चेपेक्षा मला ही तीस मिनिटं जास्त खरी वाटतात. आणि जाहिरातींवर न जगणाऱ्या रेडिओलाच हे परवडतं. तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक प्रसारणाचा मंजूर झालेला १.१ अब्ज डॉलरचा निधी मागे घेतला, म्हणून हे आज आठवलं.

तिरकस चष्मा

असहमत. टेपरेकॉर्डर पोरांचा, पण संकलन आयसेचं. दहा दिवसांतला अर्धा तास ठेवला, बाकीचं गेलं. ठेवलं काय? दारुडा बाप, गोळीबाराच्या गोष्टी, भटकणारी मुलं. उपनगरातून गाडीने ऑफिसला जाणाऱ्या गोऱ्या श्रोत्याला काळ्या वस्तीबद्दल आधीपासून जे वाटत होतं, तेच त्याच्या कानात पोचवलं. फरक एवढाच की आता ते पोरांच्या तोंडून आलं, म्हणजे वाद घालायची सोय नाही.

खरी गोम वेगळी आहे. ही वस्ती १९४१ साली मुळात काळ्यांसाठी म्हणूनच बांधली गेली. तीसच्या दशकात केंद्र सरकारच्या एका संस्थेनेच काळ्यांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने रंगवल्या, म्हणजे ‘इथे कर्ज देणं धोक्याचं’. बाप का पितो याचं अर्धं उत्तर त्या नकाशात आहे. चौदा वर्षांचं पोर हे कुठून सांगणार? ते मोठ्यांनी सांगायचं काम होतं, आणि मोठा माणूस नेमका तेवढ्याच वेळी नम्रपणे मागे सरकला.

आपल्याकडची दलित आत्मकथनं आठवा. लेखणी त्यांची आणि खाडाखोडही त्यांचीच.

मोहोर

शिकागोच्या उपनगरातून गाडीने ऑफिसला जाणारी श्रोती हजर आहे. गोरी नाही, तेवढं समजून घ्या. :)

पैशांचं जरा दुरुस्त करते. एनपीआर या देशव्यापी सार्वजनिक रेडिओ संस्थेला सरकारकडून थेट मिळणारा पैसा जवळपास एक टक्काच होता. कपातीचा खरा मार गावाकडच्या छोट्या केंद्रांना बसतो. त्यांच्या खर्चात या अनुदानाचा वाटा खूप मोठा असतो. मोठ्या शहरातली केंद्रं श्रोत्यांच्या वर्गणीवर तगतात. वर्गणीच्या आठवड्यात बातम्या मध्येच तोडून इतकं मागतात की चाळीतल्या गणपतीची पावतीपुस्तकं परवडली. मी देते, आणि दर वेळी एक कापडी पिशवी येते. घरात आता चार झाल्यात, भाजीला बऱ्या पडतात.

जुना ट्रान्झिस्टर

@मोहोर, पैशांचं मान्य.

@तिरकस चष्मा, नकाशाचंही मान्य. पण तुम्ही पहिल्याच भागावर थांबलात. ऑक्टोबर १९९४ मध्ये त्याच वस्तीत पाच वर्षांच्या एका मुलाला चौदाव्या मजल्याच्या खिडकीतून खाली टाकलं गेलं. कारण काय, तर त्याने गोळ्या-चॉकलेटं चोरायला नकार दिला. टाकणारे दोघे दहा आणि अकरा वर्षांचे. देशभरच्या बातम्यांत एकच सूर, ही पोरं आहेत की राक्षस. लीअ‍ॅलन आणि लॉइड पुन्हा माइक घेऊन निघाले. शेजाऱ्यांशी बोलले, एका आरोपी पोराच्या, स्वतः तुरुंगात असलेल्या बापाशी बोलले. ‘रिमॉर्स’ नावाने ते १९९६ साली लागलं आणि त्याला पीबॉडी पुरस्कार मिळाला. तिथे ती कुणाची दया मागत नाहीत, तपास करतात. ही वाढ पहिल्या माइकशिवाय झाली असती?

तिरकस चष्मा

ते चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण मग याच आयसेने स्टेसी अब्रॅमसनसोबत २००० साली केलेलं ‘विटनेस टू अ‍ॅन एक्झिक्यूशन’ घ्या. टेक्सासमधल्या हंट्सव्हिल तुरुंगातल्या मृत्युदंडावर. निवेदन कोणाचं? तुरुंगाधिकारी जिम विलेट यांचं, ज्यांच्या कारकिर्दीत ८९ जणांना मृत्युदंड दिला गेला. रक्षक बोलतात, पाद्री बोलतात, पत्रकार बोलतात. जो मेला तो कुठे आहे? त्या एका वर्षात टेक्सासने ४० जणांना मारलं. ‘आवाज नसलेल्यांना आवाज’ म्हणता म्हणता माइक सरकारच्याच हातात गेला की.

सांजवात

मध्येच बोलते. मी फाशीच्या बाजूची होते, आजही पूर्ण उलटले असं नाही. ‘मारू नका’ म्हणणारा कार्यक्रम असता तर मी दोन मिनिटांत बंद केला असता. इथे तसं कुणी काहीच म्हणत नाही. कैद्याचे शेवटचे शब्द झाले की अधिकारी चष्मा काढतो. काचेमागच्या माणसांना ती खूण, आणि औषध सुरू होतं. नोकरीतली एक सवय सांगावी तसं हे सांगतात. पुढे एक जण बोलतो. कैद्यांना पलंगाला बांधायच्या पथकात त्याने सव्वाशेच्या आसपास वेळा काम केलेलं. घरी आपल्या शेडमध्ये काहीतरी करत असताना अचानक त्याचे हातपाय थरथरायला लागले आणि डोळ्यांतून पाणी थांबेना. नोकरी सोडली.

मेलेल्याचा आवाज नाही हे खरंच. पण मारणाऱ्याचा आवाज त्याआधी मी कधी ऐकला नव्हता. सरकार म्हणजे कोणी तरी चष्मा काढणारा माणूस असतो, हे डोक्यात बसलं ते बसलंच.

तिरकस चष्मा

हम्म. चष्म्याचं माझ्याही लक्षात राहिलंय. तरी कात्रीचा प्रश्न तिथेच आहे.

मोहोर

वेल्स होम्स २०११ पर्यंत पाडून संपली. आता तिथे ओकवुड शोअर्स नावाची मिश्र उत्पन्नगटाची नेटकी वसाहत आहे. जुन्यांपैकी थोडेच परत आले. लीअ‍ॅलनने २०१० साली ग्रीन पक्षाकडून सिनेटची निवडणूक लढवली, हरला. लॉइड २०२२ मध्ये सिकल सेल या रक्ताच्या आजाराने गेला.

हा धागा वाचून काल मुलाला पहिला भाग ऐकवला. तेरा वर्षांचा आहे. ऐकून झाल्यावर त्याने एवढंच विचारलं, “त्या दोघांना याचे पैसे दिले का?”

तिरकस चष्मा

मुलगा आमच्या पार्टीत.

जुना ट्रान्झिस्टर

त्याला ‘रिमॉर्स’ ऐकवा, मग बोलू.