अनुभव धागा: इंग्लंडच्या खेड्यात राहताना चोरी, पोलीस आणि शेजार

मुक्काम_पोस्ट
नवऱ्याची पुण्याहून गेडनला बदली झाली आहे. गाड्यांची कंपनी, वॉरिकशरवाले ओळखतीलच. ऑफिसातली बहुतेक मराठी मंडळी लेमिंग्टन स्पा नाहीतर वॉरिकला राहतात. आम्हाला मात्र आसपासच्या एखाद्या खेड्यात घर घ्यावंसं वाटतंय. काही घरं बघूनही आलो. घरं आवडली, पण पाच वाजताच मिट्ट काळोख, रस्त्याला दिवा नाही, पोलीस चौकी कुठल्या कुठे. एजंट म्हणतो, "इथे कधी काही होत नाही." त्याला घर खपवायचंय, तो दुसरं काय म्हणणार?

खेड्यात राहिलेल्यांनी कृपया स्वतःचे अनुभव लिहा. लंडन-बर्मिंगहॅमचे किस्से नकोत, ते पुष्कळ ऐकलेत. ऐकीव असेल तर तसं सांगून लिहा.

टेकडीवरचा
एजंटला सोडा, पोलीस डॉट यूके या पोलिसांच्या संकेतस्थळावर गावाचं नाव टाका. २०११ पासून तिथे गल्लीनिहाय गुन्ह्यांचा नकाशा मिळतो, दर महिन्याचा. फक्त तो वाचायचा कसा ते समजून घ्या, नाहीतर उगाच झोप उडेल.

पहिलं म्हणजे नकाशावरचा ठिपका खऱ्या घरावर नसतो. कुणाच्या घरी काय झालं ते कळू नये म्हणून तो जवळच्या ठरलेल्या बिंदूवर सरकवलेला असतो. त्यामुळे तुमच्या पसंतीच्या घरासमोर ठिपका दिसला म्हणून घर सोडू नका. दुसरं, खेड्यातही सगळ्यात मोठा आकडा बऱ्याचदा 'हिंसा आणि लैंगिक गुन्हे' या रकान्यात दिसतो. आमच्या हिला तो बघून घामच फुटला होता. पण धमकीचे मेसेज, पाठलाग, छळ, नवरा-बायकोच्या भांडणात गुन्हा नोंदला गेला की तोही, सगळं त्याच रकान्यात जातं. तिसरं, आठशे वस्तीच्या गावात एका घरात वाद पेटला आणि तीन-चारदा फोन गेला की त्या महिन्याचा त्या रकान्यातला दर वस्तीच्या प्रमाणात शहरालाही मागे टाकू शकतो. एक महिना बघून काही कळत नाही, सलग दोन-तीन वर्षं बघा. जवळपास तुरुंग असेल तर आतले गुन्हेही त्याच नकाशावर येतात, तेही लक्षात घ्या.

एकंदरीत खेड्यांत शहरांपेक्षा नोंदलेले गुन्हे कमीच असतात, यात वाद नाही. पण जे होतात त्यांची जात वेगळी असते. ते इतर लोक लिहितीलच.

डॉक्टरीणबाई
मी केंब्रिजशरच्या फेन्स भागात राहते, रात्रपाळी करून पहाटे घरी येते. आमच्याकडचा मुख्य गुन्हा कोणता म्हणाल तर सशांच्या मागे कुत्री सोडणं! हसू नका, मीही पहिल्यांदा हसले होते.

सपाट रान, पिकं निघालेली, ससे लपणार कुठे? सुगी संपली की जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांतून टोळकी येतात, शिकारी कुत्री सोडतात आणि त्यावर जुगार खेळतात. २००४ च्या हंटिंग ॲक्टने हे बंद केलं, तरी चालूच राहिलं, म्हणून २०२२ च्या कायद्याने शिक्षा वाढवली. यांना शेत, कुंपण, फाटक कशाचीच पर्वा नसते. नुकत्याच उगवलेल्या गव्हातून गाडी घालतात. आडवं आलेल्या शेतकऱ्याला मारहाण, धमक्या हेही होतं. आमच्या शेजारच्या शेतकऱ्याने बांधाला चर खणलाय आणि प्रत्येक वाटेच्या तोंडाशी काँक्रीटचे ठोकळे आणि ओंडके आडवे टाकलेत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं इथे युद्धाची तयारी चाललीये की काय.

एकदा पहाटे घरी येताना अरुंद रस्त्यावर अशीच एक गाडी दिवे बंद करून उभी. मागच्या काचेला कुत्र्यांची तोंडं चिकटलेली. मी थांबले नाही, हॉर्नही दिला नाही. घरी जाऊन ९९९ ला कळवलं. सगळे हेच सांगतात: समोर जायचं नाही, फोटो काढायला थांबायचं नाही, जमलं तर नंबर लक्षात ठेवायचा. चाललेल्या गुन्ह्यासाठी ९९९, होऊन गेलेल्यासाठी १०१.

सोलापुरी_चादर
आमच्याकडे तेल चोरलं. गोडं तेल नव्हे, घर गरम करायचं!

मुक्काम ताई, घर बघताना एक विचारा: गॅसची लाइन आहे का? बऱ्याच खेड्यांत नसते. मग परसात हिरवी प्लास्टिकची टाकी असते, हजार लिटरच्या पुढची, त्यात केरोसीन. ऐन जानेवारीत बॉयलर बंद पडला. आम्हाला वाटलं बिघाड. मेकॅनिक आला, टाकीवर टकटक केली आणि म्हणाला, "यात तेलच नाही." मागे गवतावर काळपट पट्टा आणि कुंपणाची एक फळी सरकवलेली. पंप लावून रात्रीत उपसलं होतं. कुणाच्या कुत्र्यानेही आवाज केला नाही.

पोलिसांनी फोनवर क्रमांक दिला, विमा कंपनीसाठी. बघायला कोणी आलं नाही. नंतर पातळी अचानक उतरली तर घरात वाजणारं यंत्र आणि टाकीला कुलूप असं दोन्ही बसवलं. सगळ्यात उपयोगी सल्ला शेजारच्या म्हाताऱ्याचा होता. टाकी गच्च भरून ठेवू नका, थोडं थोडं मागवा, आणि गल्लीत कोणाकडे टँकर येतोय ते एकमेकांना सांगा, म्हणजे न मागवता आलेला टँकर ओळखू येतो.

निशाचर
गेडन म्हटलं की कंपनीचीच महागडी, किल्ली न लावता सुरू होणारी गाडी असणार, कोणती ते विचारायला नको :) मी त्याच पट्ट्यात आहे. दाराजवळच्या खुंटीला चावी टांगू नका. दोघं येतात. एक जण दाराशी उपकरण धरून घरातल्या चावीचा सिग्नल पकडतो, दुसरा गाडीपाशी उभा असतो. काच फुटत नाही, अलार्म वाजत नाही, मिनिटाच्या आत गाडी गेलेली. चावी सिग्नल अडवणाऱ्या पाकिटात ठेवा, दुसरी चावीसुद्धा. आणि स्टिअरिंगला लावायचा जुन्या पद्धतीचा लोखंडी दांडा घ्या. लाखमोलाच्या गाडीत तो बघून माझे सहकारी हसतात. हसू देत.

गवती_चहा
सोन्याबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण आपल्या लोकांच्या बाबतीत हाच मोठा मुद्दा आहे. भारतीय घरांत सोनं असतं हे इथल्या चोरांना चांगलं माहीत आहे. दिवाळीच्या आधी वेगवेगळ्या भागांतले पोलीस तशी सूचनाच काढतात. शहरात निदान आपल्यासारखी पाच-पन्नास घरं असतात. खेड्यात तुमच्या दारावर तोरण आणि खिडकीत आकाशकंदील म्हणजे गावातलं एकुलतं एक. मी कंदील लावते, लावणारच. पण पाटल्या, तोडे घरात ठेवत नाही.

आता दाराचं. इथली प्लास्टिकच्या चौकटीची दारं ओढून घेतली की बाहेरून उघडत नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं कुलूप लागलं. लागत नाही! नुसती जीभ अडकते. हँडल वर उचलायचं, आत खटखट आवाज येतो, म्हणजे वर-खाली-मध्ये सगळे हूक बसले, आणि मग किल्ली फिरवायची. सासूबाईंना हे शिकवायला आठवडा गेला. "एवढं काय ते दार, कडी का लावत नाहीत?" त्यांचंही बरोबर होतं, शेवटी आतून एक साधी कडीच बसवली.

आणि विमा. डिसेंबरात पाच-सहा आठवडे भारतात जाणारे सगळे, पॉलिसीचं बारीक अक्षर वाचा. घर सलग ३० दिवसांहून जास्त रिकामं असेल (काहींत ६०) तर चोरीचं संरक्षण बऱ्याचदा थांबतं. दागिन्यांना एका वस्तूमागे मर्यादा असते, त्याच्या वरचा प्रत्येक दागिना वेगळा नोंदवावा लागतो आणि सराफाचं मूल्यांकन लागतं. आपलं मंगळसूत्र इथल्या सराफाला समजावून सांगणं हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

पाटलाचा_नातू
आमचे आबा गावचे पोलीस पाटील होते. उन्हाळ्यात इकडे आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी विचारलं, "हितला पोलीस पाटील कोन?" मी म्हटलं, नाही. "मग गावावर नजर कोन ठेवतं?" आबांना फिरवून दाखवलं.

गंमत म्हणजे आम्ही राहतो त्या घराचंच नाव 'ओल्ड पोलीस हाउस'. पूर्वी गावचा पोलीस सहकुटुंब इथेच राहायचा. मग पोलीस मोटारीत बसले, घरं विकली गेली. इंग्लंडभर या नावाची घरं सापडतील, पोलीस सापडणार नाही. आता अनेक गावांत मिळून एक पीसीएसओ, म्हणजे पोलिसांना मदत करणारा कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर असतो. २००२ च्या कायद्याने आलेलं हे पद. गणवेश असतो, पण पोलिसासारखा अटकेचा अधिकार नसतो. आमची पीसीएसओ महिन्यातून एकदा हॉलमध्ये चहाला बसते, लोक येऊन गाऱ्हाणी सांगतात. बहुतेक कुत्र्यांच्या घाणीची.

मग आबांना खांबावरची पिवळी पाटी दाखवली, नेबरहुड वॉच, म्हणजे शेजाऱ्यांनीच मिळून गल्लीवर नजर ठेवायची. ही चळवळ ब्रिटनमध्ये सुरू झाली तीच एका खेड्यातून, चेशरमधल्या मॉलिंग्टनमधून, १९८२ साली. आता ती प्रत्यक्षात काय आहे? आमच्या गल्लीत एक निवृत्त बाई, तिची ईमेलची यादी आणि वर्षातून एक पत्रक. पण त्या बाईला गल्लीतला प्रत्येक डिलिव्हरीवाला तोंडओळखीने माहीत आहे. मागे घरावरचे पन्हाळे साफ करतो म्हणून दोघे फिरत होते, चार घरं झाली नाहीत तोवर सगळ्यांना मेसेज गेला. आबांनी तिच्याशी माझ्यामार्फत तासभर गप्पा मारल्या आणि निकाल दिला, "हीच पाटील. सरकारनं पगार द्यायला पायजे."

भटकी
वरचं सगळं खरं असेल. पण नजर ठेवणारं गाव तुमच्यावरही नजर ठेवतं, हे कोणी लिहीत नाहीये.

आम्ही नवीन होतो. माझा नवरा संध्याकाळी टोपी घालून फोनवर आईशी बोलत चालायला जायचा. एके दिवशी गावाच्या ग्रुपवर त्याचा पाठमोरा फोटो. 'हा माणूस रोज याच वेळी घरांकडे बघत फिरतो, कोणाला माहीत आहे का?' खाली चाळीसेक प्रतिक्रिया. पोलिसांना कळवा म्हणणारेही होते. मी थरथरत वाचत होते आणि काय लिहावं सुचेना. तेवढ्यात समोरच्या कुत्रेवाल्या आजोबांनी लिहिलं, 'तो माझा शेजारी आहे. गेल्या आठवड्यात त्याने माझी कचऱ्याची पेटी आत आणून ठेवली. तुम्ही कधी आणली होती?' पोस्ट उडाली. माफी कोणी मागितली नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये, साउथपोर्ट गावात लहान मुलींवर झालेल्या चाकूहल्ल्यानंतर, स्थलांतरितांविरुद्ध दंगली उसळल्या. भारतीय उच्चायुक्तालयाने सावध राहायची सूचना काढली तो आठवडा मी विसरणार नाही. आमच्या गावात एक दगडही उचलला गेला नाही. पण शहरातल्या मैत्रिणी एकमेकींकडे राहायला गेल्या आणि मी मात्र विचार करत होते, इथे काही झालं तर मी कोणाच्या दारात जाऊ? तेच आजोबा. बाकी कोणाचं नाव सुचलं नाही. मुक्काम, तुम्ही घर घ्या, पण पहिल्या महिन्यात निदान दोन दारं ठोठावून ओळख करून घ्या. केक न्या, चकली न्या, काहीही न्या.

खुसपट
चोर घरात शिरला तर बॅटने हाणता येतं का? मित्र विचारतोय.

टेकडीवरचा
मित्राला सांगा, स्वसंरक्षणासाठी वाजवी बळ चालतं. २०१३ च्या कायद्याने घरमालकाला आणखी थोडी सूट दिली, बळ अतिरेकी नसलं म्हणजे झालं. पळणाऱ्या चोराचा पाठलाग करून झोडपणं त्यात बसत नाही. या वादामागे नॉरफकच्या एम्नेथ हंगेट या खेड्यातलं १९९९ चं प्रकरण आहे. टोनी मार्टिन या शेतकऱ्याने घरात शिरलेल्यांवर बंदूक झाडली, सोळा वर्षांचा मुलगा गेला. आधी खुनाबद्दल जन्मठेप, मग २००१ मध्ये अपिलात ती सदोष मनुष्यवधावर आली. पोलीस दूर, वारंवार चोऱ्या, एकटा माणूस, हे त्याचं म्हणणं होतं. खेड्यातले निम्मे लोक आजही त्याची बाजू घेतात, पबमध्ये विषय काढून बघा. नको, काढू नकाच.

सोलापुरी_चादर
एक राहिलं. आमच्या त्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला 'बँकेतून बोलतोय' असा फोन आला होता. कार्ड घ्यायला माणूस पाठवतो म्हणे. खेड्यात एकट्या राहणाऱ्या वृद्धांना हे लोक हेरतात. फोन ठेवून १५९ लावायचा, बहुतेक मोठ्या बँकांना थेट जोडून देतात. आई-बाबा तुमच्याकडे येणार असतील तर त्यांनाही सांगून ठेवा.

मुक्काम_पोस्ट
सगळ्यांचे मनापासून आभार. तेलाची टाकी, दार, चावी, सगळं यादीत लिहिलंय. मुलगी नऊ वर्षांची आहे, एकटी सायकलवर दुकानात जाऊ शकेल का?

डॉक्टरीणबाई
चोरांची भीती नाही, गाड्यांची आहे. गावाबाहेर पडलात की अरुंद रस्त्यालाही ताशी ६० मैलांची मर्यादा असते, दोन्ही बाजूंना उंच झाडोरा, फुटपाथ नाही. आमच्याकडे गावकरी पिवळी जॅकेटं घालून वेग मोजायचं यंत्र घेऊन उभे राहतात, कम्युनिटी स्पीडवॉच. नंबर, रंग, मॉडेल लिहून घ्यायचं, पोलीस गाडीमालकाला पत्र पाठवतात, दंड नाही. मी सुट्टीच्या दिवशी उभी राहते. सगळ्यात जास्त नंबर आमच्याच गावातल्यांचे निघतात. मुलीच्या बाबतीत म्हणाल तर दुकान गावातच असेल आणि रस्त्याला ताशी २० मैलांची मर्यादा असेल तर जाऊ दे. पलीकडच्या गावात असेल तर नको.